सहा नंबरचा व्हॉल्व्ह

खेळ साधा आहे.
पहाटे साडेचारला उठायचं, खांद्यावर लोखंडी चावी घ्यायची,
लोकमान्यनगरपासून सुदामानगरपर्यंत
कुठल्या गल्लीला किती मिनिटं नर्मदा सोडायची ते ठरवायचं.
बंदूक नाही, राजकन्या नाही.
तिसऱ्या मजल्यावरच्या झोकरकरबाईंची टाकी भरली नाही
तर त्या खिडकीतून बोलतात.
गुण कापले जातात ते असे.

दोन हजार चार साली हा घेऊन मी दिल्लीला गेले.
नेहरू प्लेसच्या एका माडीवर
बन्सलनं सीडी करंगळीत फिरवली, चहा मागवला,
म्हणाला, यात मरतं कोण?
कुणी नाही. पाणी जातं फक्त.
मग दुकानदार हा ठेवणार कुठल्या फळीवर?
मारामारीत? शर्यतीत?

अभ्यासाच्या फळीवर ठेवला शेवटी.
डब्यावर चष्मा लावलेला हसरा थेंब,
नाव बदलून 'जलज्ञान'.
हजार डबे. विकल्या डब्यामागे मला अकरा रुपये.
आठशे चाळीस परत आले
सियागंजच्या ट्रान्सपोर्टातून, भाडं माझ्याच अंगावर.
त्यातल्या चार खोक्यांवर आमचं वॉशिंग मशीन उभं आहे,
आणि खरं सांगते, हलत नाही.

पण उरलेल्या एकशे साठातले एकतीस
जेल रोडवर, नॉव्हेल्टी मार्केटात,
एकट्या हरदासमलनं विकले.
त्यानं थेंबावर स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवली होती.
पोरगा दुकानात शिरला की आधी त्याची बोटं बघायचा,
मग म्हणायचा, भिया, गोळीबाराचा कंटाळा आला असेल तर हे ने,
नाही जमलं तर परत आण.
दोन परत आले.
त्यातला एक आठवड्यानं पुन्हा गेला, त्याच पोराकडे.

आता फळी नाही.
एक अर्ज भरायचा, चित्रं चढवायची,
खेळ कशाबद्दल आहे ते सुट्या शब्दांत सांगायचं.
मी लिहिलं: पाणी, पहाट, शेजारी.
शंभरातले तीस ते कापून घेतात,
चहा विचारत नाहीत,
पण कोण मरतं हेही विचारत नाहीत.
नाव मी परत जुनं ठेवलं.

पहिल्या महिन्यात नऊ गेले. त्यातले चार नात्यातले.
पाचव्या महिन्यात, रात्री दोनला, नॉर्वेतून एक निरोप:
सहा नंबरचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो.
चूक आहे, की मुद्दाम?

मुद्दाम.
आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो खरंच उलटा बसवलाय,
मी शाळेत होते तेव्हापासून,
आणि हे गेंदालाल व्हॉल्व्हमनला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं,
आता त्या माणसाला, जिथे पाणी म्हणे बर्फाचं असतं.
बन्सल तिसऱ्या व्हॉल्व्हपर्यंतसुद्धा गेला नव्हता.
मी उत्तर लिहायला बसले ते नळ येईपर्यंत.

परवा हरदासमलकडे गेले.
दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात,
तो काचा चिकटवतो, बुडबुडा राहू देत नाही.
सांगितलं, दोन हजार तीनशे बारा गेले.
मान न उचलता म्हणाला, कुणाला?
मी फोन पुढे केला: देशाचं नाव, खेळलेले तास,
खाली सगळ्याची बेरीज.
त्यानं चष्मा वर सरकवून नीट पाहिलं.
ही तर गावं झाली, म्हणाला. माणसं कशी होती?

मला सांगता येईना.

आणि परत किती आले?
एकाहत्तर.
कारण?
बहुतेक जण लिहीत नाहीत. एकानं लिहिलं होतं,
पूर्ण दिवस वाट पाहिली, पाणी आलंच नाही.

हरदासमलनं काच खाली ठेवली.
अगं, मग त्याला सांगायचं होतंस ना,
एक दिवस आड येतं.